पैनगंगेच्या उतारावरच्या कपच्या

लोक काश्मीरला जाऊन येतात आणि लिहितात. मी माझ्याच घरी जाऊन आलो आणि लिहितो आहे. फुलसावंगीच्या पुढं, पैनगंगेच्या काठाला आमचा तांडा आहे. तिकडं कुणी फिरायला जात नाही. एस.टी. फुलसावंगीपर्यंत, पुढं पायी. वाटेत दोन नाले आणि काळी जमीन, जी पावसाळ्यात चप्पल ठेवून घेते आणि उन्हाळ्यात पाय कापते. तरी मी सांगतो ते वाचा. माणूस या भागात फार जुन्या काळापासून येऊन-जाऊन आहे, एवढं मला या फेरीत कळलं.

आमच्या तांड्यातला पहिला बी.ए. मी. हे मिरवायला सांगत नाही, असं लिहायची पद्धत आहे. मी मिरवायलाच सांगतो. माझ्या आज्याला सही येत नव्हती. बापाला येते, पण ती काढायला त्याला एक बिडी ओढण्याइतका वेळ लागतो. मी घाटंजीच्या हायस्कुलात इतिहास शिकवतो.

कॉलेजात आम्हाला प्राचीन इतिहास शिकवायला पिंपळकर सर होते. एकदा आदिमानवाच्या तासाला ते म्हणाले, गाव करून राहणारा माणूस मागं भिंती ठेवतो, गाडगी ठेवतो. भटका माणूस काहीच ठेवत नाही, म्हणून त्याचा इतिहास लिहिता येत नाही. सगळा वर्ग लिहून घेत होता. मी उभा राहिलो. माझे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून देशभर फिरले. त्या वाहतुकीला आमच्या बोलीत लदेणी म्हणतात. ते काहीच ठेवून गेले नाहीत, हे मला बसून ऐकवेना.

“ठेवतो सर,” मी म्हटलं.

“काय ठेवतो?”

 वर्ग हसला आणि मी खाली बसलो.

हे सगळं आठवायचं कारण असं की मागच्या उन्हाळ्यात आमच्या तांड्याखालच्या माळावर, नदी जिथून पायी पार करता येते त्या उताराजवळ, मला दुधाळ गारगोटीच्या कपच्या सापडल्या. नखाएवढ्या, धारदार, आणि एकाच जागी पसरलेल्या. पुस्तकात आदिमानवाच्या हत्यारांच्या आकृत्या असतात, त्यात अशाच बारीक कपच्या काढलेल्या. मी सरांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं की दिवाळीच्या सुट्टीत स्वतः येऊन पाहतो. आदिमानवाची जागा खरी निघाली तर हिवाळ्यात आम्ही जे उत्खनन करणार आहोत त्यात तुम्हाला घेतो. शाळेत एक मुलगा दिवसातून दहादा खिडकीबाहेर पाहतो, तसा मी त्या दिवसापासून हिवाळ्याकडं पाहत होतो. एम.ए.ची वाट मला दुसरीकडून कुठून दिसत नव्हती.

घाटंजीहून

घाटंजीची मोटार यवतमाळला सोडते आणि तिथून दुसरी धरावी लागते. माझ्याजवळ कपड्यांची वळकटी होती आणि एक खादीची पिशवी, जिच्यात कपच्या, एक हातोडी आणि सरांनी कॉलेज सुटताना दिलेला एक मोठा कागद होता. पचमढीकडच्या गुहांत जुन्या माणसांनी गेरूनं काढलेली चित्रं आहेत. त्यांच्यावरून उतरवून घेतलेला तो कागद. कंडक्टरनं पिशवी टपावर टाकायला उचलली आणि खाली ठेवली.

“गुरुजी, दगडं घेऊन चाल्ले काय सासऱ्याच्या घरी?”

“हो, दगडंच आहेत.”

तो हसला, शेजारचे हसले. खरं सांगितलं की कुणाला पटत नाही, हा माझा एस.टी.तला नेहमीचा अनुभव आहे.

वाटेभर कपाशी फुटलेली. पऱ्हाटीच्या ओळींत बाया वाकून वेचत होत्या आणि पोटावर बांधलेले ओटे गरोदर बाईसारखे पुढं आले होते. ज्वारी निसवली होती. आर्णीच्या पुढं वाऱ्याला जरा गारवा आला.

फुलसावंगीचा बाजार

बाजाराच्या दिवशी पोचलो म्हणून हरचंदकाका भेटले. हे माझ्या बापाचे थोरले भाऊ. म्हातारे झाले तरी ताठ. डोक्याला लाल पागोटं, कमरेला बटवा. काकांच्या त्या बटव्यात लोखंडाचा एक वळवलेला तुकडा, एक गारगोटी आणि सावरीचा कापूस भरलेली बांबूची नळी असते. गारगोटीवर लोखंड घासून मारायचं, ठिणगी कापसावर पडते, कापूस धुमसतो आणि चिलीम पेटते. ही चकमक. काडीपेटी काका घेत नाहीत. काडीपेटी पावसात भिजते आणि दुकानदाराला मोठं करते, असं त्यांचं म्हणणं.

“आला काय मास्तर?” आमच्या घरात आम्ही आमच्या गोरबोलीत बोलतो, बाहेरच्यांशी वऱ्हाडीत. वाचणाऱ्याला कळावं म्हणून मी सगळं वऱ्हाडीतच देतो. “वाळून गेला रे! घाटंजीचे लोकं जेवाले देत नाईत काय?”

“देतात ना काका. पोळी देतात, कागदासारखी.”

“मंग तिच्यावर लिवत असशीन तू.”

आम्ही गुळाची भेली घेतली, फुटाणे घेतले आणि वाटेला लागलो. मी चालता चालता काकांना आदिमानव समजावून सांगितला. तो गारगोटीपासून धार कशी काढायचा, विस्तव कसा करायचा, हातवारे करून सांगितलं. काका हूं हूं करत होते. मध्येच थांबून त्यांनी चकमक झाडली, चिलीम पेटवली आणि पुन्हा चालू लागले. मी पुढं सांगत होतो. जन्मापासून पाहिलेल्या गोष्टीकडं माणूस बघत नाही.

तांड्यात

दिवाळीला आमच्याकडं लग्न न झालेल्या पोरी दुसऱ्या दिवशी सकाळी रानात जाऊन फुलं वेचून आणतात, आणि दारोदार शेणाच्या लहान ढिगांवर, म्हणजे गोधनावर, खोचतात. गाणी म्हणतात, नाचतात. पुढल्या दिवाळीला यातली कुठली पोर सासरी असेल हे कुणाला ठाऊक, म्हणून त्या दिवशी त्यांना कुणी कामाला लावत नाही. घाटंजीला माझ्या घरमालकाकडं दिवाळीला पोरीच सगळ्यात जास्त राबतात, ते मला यंदा पहिल्यांदा खटकलं.

नाचून पोरी आमच्या अंगणात टेकल्या तेव्हा मी सरांचा कागद उघडला आणि खाटेवर पसरला. हरचंदकाकांची बायको सक्रीकाकी हात पुसत आली. बांगड्यांनी कोपरापर्यंत भरलेला हात तिनं कागदावर ठेवला.

“हे काय हाय बावा? कोनाचं पोरगं रंग घेऊन बसलं होतं?”

“काकी, हे हजारो वर्षांपूर्वीच्या माणसानं काढलं आहे. गुहेच्या भिंतीवर.”

“भितीवर? मंग त्याच्या मायनं मारलं असन त्याले.”

पोरी हसल्या. मग वाकून बघू लागल्या. एका कोपऱ्यात एक माणूस शिडीसारख्या कशावर तरी चढून मधाच्या पोळ्याला हात घालतो आहे आणि भोवती ठिपके. “माश्या!” एक पोर ओरडली. “चावून राह्यल्या त्याले!” दुसरीकडं धनुष्य घेतलेले गडी. आणि मधे एक रांग, हातात हात घातलेल्या माणसांची, सगळ्यांचा एक पाय पुढं.

सक्रीकाकी त्या रांगेवर वाकली. कपाळावरची चांदीची नाणी हलली.

“हे तं नाचून राह्यले.”

“हो.”

“आपल्यावानी. पन हे बघ, ही चवथी. हिचा पाय चुकला.” तिनं बोट ठेवलं. “सगळ्याइचा डावा, हिचा उजवा.”

मी वाकलो. खरंच होतं. कागद माझ्याकडं तीन वर्षं होता. मी त्यात काळ पाहिला, रंग पाहिला, शैली पाहिली. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी नाचताना ताल चुकली आणि काढणाऱ्यानं तिला तशीच काढली, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

“मुद्दाम काढली असन,” एक पोर म्हणाली. “चिडवाले.”

त्यावर बराच वाद झाला. मी त्या दिवशी सकाळी माझ्या तांड्यावर आणि त्या गुहेवर फार खूश होतो.

कच

दुसऱ्या दिवशी न्याहारीला ज्वारीची बाटी होती. बाटी म्हणजे आमची भाकरी, जाड आणि तव्यावर टम्म फुगलेली. सोबत अंबाडीची भाजी आणि लसणाची चटणी. मी अंगणात पाटावर बसलो होतो, बाजूला काका चिलीम भरत होते. त्यांनी चकमक झाडली. एकदा, दोनदा. मी घास घेतला आणि दाताखाली कच झालं.

“काकी, चटणीत खडा आहे!”

“माह्या चटणीत खडा? दात तपास तुहे!”

मी खडा काढून हातावर घेतला. दुधाळ पांढरा. नखाएवढा. एका बाजूनं ब्लेडसारखी धार.

मी घास टाकून उठलो. मग आत जाऊन पिशवी आणली आणि कपच्या पाटावर ओतल्या. नवी कपची त्यांच्यात ठेवली, हलवली, आणि मला ती परत ओळखून काढता येईना. मोठ्या तुकड्यांच्या कडेला तांबूस रेघ होती. ती मी मातीचा डाग समजत होतो. काकांच्या हातातल्या गारगोटीच्या कडेला तशीच रेघ होती. लोखंडाची.

आणखीही होतं. खऱ्या हत्याराच्या कडेला बारीक बारीक टवके एका ओळीत काढलेले असतात, हातानं, सावकाश. ते माझ्या एकाही कपचीवर नव्हते. हे मला उन्हाळ्यातच दिसलं होतं. सगळ्या कपच्यांवर नसणारच, असं मी मनाला सांगितलं होतं.

“काका, ही गार तुम्ही कुठून आणता?”

“कुठून म्हंजे? खालच्या माळावरून. उताराजवळ रगड हाय.”

“आणि आपले जुने लोक?”

“तेई तिथूनच. माह्या आज्याच्या टायमाले तांडा खाली माळावरच उतरे. बैलाच्या पाठीवरच्या गोण्या उतरवून कूड करत, आन् मधात चुली. तवा काडीपेटी होती काय? दिवस कलला का सगळा माळ टकटक टकटक वाजे म्हनत.”

आदिमानवाचा कारखाना म्हणून मी सरांना कळवला होता तो माझ्या पणज्यांच्या चिलमींचा कचरा होता. सर दुसऱ्या दिवशी येणार होते. तार करायला फुलसावंगीला जावं तर ते तोवर निघालेले. हिवाळा माझ्या हातातून गेलाच होता.

“काय झालं रे?” काका म्हणाले.

“काही नाही. काका, तांडा तिथंच काहून उतरे? नदी एवढी लांबलचक आहे.”

काकांनी माझ्याकडं पाहिलं, जसं मी वर्गातल्या सगळ्यात मागच्या पोराकडं पाहतो. “पानी हाय. बैल पार कराले उतार हाय. गवत हाय. गार हाय. आनखी काय पायजे मानसाले?”

सर

मी फुलसावंगीला सरांना आणायला गेलो. वाटेत ठरवलं की तांड्यावर नेऊन मग सांगायचं नाही. माणसाला दोन नाले पार करायला लावून वाईट बातमी देणं बरं दिसत नाही.

सर रात्रीच्या गाडीनं निघालेले, डोळे लाल. धोतर-कोट, पायात कॅनव्हासचे नवे बूट, हातात छत्री. हॉटेलात बसवून मी चहा सांगितला.

“सर, आधी ऐका, मग चला.” आणि सगळं सांगितलं. चटणीसुद्धा.

सर बशीत चहा ओतून फुंकत राहिले. “म्हणजे राठोड, तुमच्या पणजोबांच्या चिलमीचे तुकडे पाहायला मी रात्रभर एस.टी.त बसलो.”

“हो सर.”

“परतीची गाडी केव्हा?”

“संध्याकाळी आहे.”

त्यांनी बशी खाली ठेवली. “तोवर इथं बसून माश्या मारण्यापेक्षा चला. निदान तुमचा तांडा पाहू.”

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. पहिल्या नाल्यात त्यांचा डावा बूट चिखलात अडकला आणि निघेना. मी कोपरापर्यंत हात घालून तो उपसला. नव्या कोऱ्या बुटाचं मातीचं मडकं झालं होतं. सर एक पाय वर धरून बगळ्यासारखे उभे होते आणि मी बूट घेऊन. आणि आम्ही दोघंही त्या दिवशी पहिल्यांदा हसलो.

माळावर काका येऊन बसले होते. सरांनी कपच्या उचलून भिंगातून पाहिल्या, काकांना चकमक झाडायला लावली, उडालेली कपची पाहिली. “बरोबर आहे तुमचं,” मला म्हणाले. “या चकमकीच्याच.” त्यांनी दोन-चार कपच्या मात्र टाकून दिल्या नाहीत, कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवल्या.

मग मी बोललो. रात्री खाटेवर पडून जुळवलं होतं ते.

“सर, माझे पणजे इथं थांबले ते पाणी, उतार, गवत आणि गार यांसाठी. आदिमानवाला यापेक्षा वेगळं काय लागत होतं? बैल नव्हते त्याच्याजवळ, पण हरणांना गवत लागतंच, आणि हरणं जिथं पाण्यावर येतात तिथं तो येणारच. फिरणारा माणूस कुठं थांबतो हे मला ठाऊक आहे. तो इथं थांबलेला असणार. वर नाही. वर सगळं काल-परवाचं. खाली पाहिलं पाहिजे, नदीनं काठ कापला आहे तिथं.”

सरांनी घड्याळाकडं पाहिलं, मग छत्री मिटली. “दाखवा काठ.”

उताराच्या जरा वरच्या अंगाला पैनगंगेनं काठ सरळ कापला आहे. पलीकडं पूर्वीची मोगलाई, निजामाची. वर काळी माती, तिच्याखाली पिवळी, आणि अगदी खाली, पाण्याच्या वर, गोट्यांचा थर. चुन्यानं बांधल्यासारखा टणक झालेला. सर म्हणाले, हा थर नदीचंच फार जुनं पात्र आहे. त्याच्यावर एवढी माती साचली, त्याला किती काळ लागला असेल याचा विचार करा.

मी विचार केला नाही. मी शोधू लागलो. आम्ही त्या थराला तोंड लावून खेकड्यासारखे आडवे सरकत होतो. ऊन पाठीवर आलं, मग बाजूला गेलं. गोटे, गोटे, गोटे. सगळे काळे, आपल्याकडच्या दगडाचे. सरांच्या टाचेला ओल्या बुटानं फोड आला आणि ते दगडावर बसले. काकांनी त्यांच्यावर छत्री धरली.

“राठोड, गाडी,” सर म्हणाले.

“हो सर. थोडं.”

तेवढ्यात तो दिसला. काळ्या गोट्यांत एकटा तपकिरी. त्याचा अंगचा कण साखरेसारखा चमकत होता. घाटंजीच्या आधी मी वर्षभर मारेगावला मास्तर होतो. तिथं माझ्या खोलीच्या पायरीला असलाच दगड होता, आणि मी रोज संध्याकाळी त्यावर बसून तांड्याची आठवण काढत असे. आमच्या नदीकाठी असला दगड मी लहानपणापासून कधी पाहिला नव्हता.

मी हात लावला नाही. “सर!”

सर फोड विसरून आले. भोवतालचा थर त्यांनी टोकरला, बराच वेळ. दगड सुटला तेव्हा त्यांनी तो नदीत धुतला आणि उन्हाकडं धरला. तळहाताएवढा. एक बाजू सपाट. आणि दुसऱ्या बाजूच्या कडेला बारीक बारीक टवके, एकाशेजारी एक, हातानं, सावकाश काढलेले.

सरांनी अंगठा त्या टवक्यांवरून फिरवला.

“खरवडणी,” अखेर ते म्हणाले. “कातडं खरवडायचं हत्यार. आणि जागा थरातली आहे, वर पडलेली नाही. पण हा दगड इथला नाही, राठोड.”

“नाही सर. असला मी मारेगावला पाहिला. वणीकडचा.”

“पूर्वेला. आणि नदी वाहते कुणीकडे?”

“पूर्वेला.”

“मग तिकडचा दगड नदीनं इकडं आणला नाही.” ते जरा थांबले. सर घाईनं काही ठरवणारे नव्हेत. “तिथलाच, असं मी आज म्हणणार नाही, दगड दाखवावा लागेल, जवळपास कुठं असला मिळतो का पाहावं लागेल. पण पायांनी आला, एवढं दिसतं. कुणीतरी तो उचलला, बरा वाटला म्हणून जवळ ठेवला, आणि वाहून इथपर्यंत आणला.”

मी काकांना आमच्या बोलीत सगळं सांगितलं. फार जुना माणूस. घर नाही, शेत नाही. लांबून माल उचलून, चालत, नदीकाठानं इथं आला आणि उताराजवळ थांबला.

काकांनी चिलीम तोंडातून काढली. “मंग थो आपलाच मानूस.”

मी ते सरांना मराठीत सांगितलं. तेवढ्यात काकांनी पुढं होऊन तो दगड त्यांच्या हातातून घेतला, उलटा-पालटा केला आणि बटव्यातलं लोखंड काढून वर उगारलं. “पाहू, ठिनगी देते का—”

“थांबा!” आम्ही दोघं एकदम ओरडलो. पलीकडच्या काठावरची म्हैस दचकून पाण्यात शिरली.

अंगण

गाडी अर्थातच चुकली. सर आमच्याकडं राहिले. सक्रीकाकीनं त्यांच्या टाचेला हळद-तेल लावलं आणि ते नको नको म्हणत असताना बाटीवर तूप घातलं. आमच्या अंगणात कॉलेजातला प्राध्यापक मांडी घालून बाटी चुरतो आहे हे पाहायला अर्धा तांडा येऊन गेला. माझा बाप सरांच्या पाण्याचा तांब्या दर वेळी स्वतः भरून आणत होता.

सरांनी ती खरवडणी काकीच्या हातात दिली आणि आदिमानव या दगडानं कातडी कशी कमावत असेल ते सांगू लागले. “तो कातडं जमिनीवर पसरायचा, मग तो—”

“तो काहून?” काकी म्हणाली.

“अं?”

“शिकार गडी करते. आनून टाकते आन् चिलीम घेऊन बसते.” तिनं काकांकडं पाहिलं. “मंग खरवडाचं, धुवाचं, वाळवाचं कोन करते? बाईचं हाय हे. हातात कसं बसते पाय.”

दगड तिच्या मुठीत बसला होता हे खरं. सर म्हणाले, “ते सिद्ध करता येणार नाही, वहिनी.” मग जरा वेळानं म्हणाले, “पण तो होता हेही मला सिद्ध करता येणार नाही.” आणि त्यानंतर बोलताना ते “तो किंवा ती” म्हणू लागले. काकीला वाटलं, पाहुण्याची जीभ अडखळते.

जेवण झाल्यावर हात धुताना त्यांनी मला विचारलं, “शाळेतून रजा किती मिळेल तुम्हाला? हिवाळ्यात?”

मी आकडा सांगितला. त्यांनी तो दुप्पट करून आणायला सांगितला. बाप तांब्या घेऊन मागंच उभा होता. त्याला सगळं कळलं असं नाही, पण तो तांब्या त्यानं माझ्या हातावर ओतला. आमच्याकडं बाप मुलाच्या हातावर पाणी घालत नाही.

परत

सकाळी निघताना सरांची सिगारेट पेटवायला कुणाजवळ काडी नव्हती. काकांनी चकमक झाडली. कापूस धुमसला, सिगारेट पेटली, आणि एक कपची उडून सरांच्या चिखलाळलेल्या बुटाशी पडली. मी सवयीनं वाकलो आणि ती उचलून खिशात टाकली. काकी खराटा घेऊन उभीच होती. “बी.ए. होऊन बी कचराच येचतो,” ती म्हणाली.

फुलसावंगीला गाडी भरलेली होती, तरी सरांना खिडकीची जागा मिळाली. खरवडणी त्यांनी पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती, कुणाचं तान्हं घ्यावं तशी. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. सरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“राठोड, एकदा तुम्ही वर्गात उभे राहिला होता.”

मला वाटत होतं ते विसरले असतील.

“मी विचारलं होतं, काय ठेवतो? तुम्ही न सांगताच खाली बसलात.”

गाडी हलली. मी चालू लागलो, मग पळू लागलो. खिशात हात घातला आणि काकांच्या चकमकीची ती कपची सरांच्या उघड्या हातावर ठेवली.

सरांनी मूठ मिटली आणि तीच मूठ खिडकीतून हलवत राहिले, धुळीत दिसेनाशी होईपर्यंत.